चित्रातली मोकळी जागा दाखवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

भंडारा जिल्ह्याला पितळ नवं नाही. पण घागरी-परातींच्या याच धातूतून आजच्या मुली आवडीनं घालतील असे कानातले घडवायचे, तर कोयऱ्या आणि फुलं पुरत नाहीत. शाळा सुटल्यावर तुम्ही आमच्या बचत गटाला भौमितिक अमूर्त चित्रं (ज्यांत ओळखीची वस्तू नसते, नुसते चौकोन, वर्तुळं, रेषा असतात) वाचायला शिकवलंत, तेही एक पैसा न घेता. त्याचे हे जाहीर आभार.

चित्र उतरवू नका, मांडणी घ्या, हे तुमचं सांगणं सगळ्यात कामाचं ठरलं. डच चित्रकार मोंद्रियानचे लाल-पिवळे चौकोन पितळेवर रंगवले की घामानं रंग कडेपासून सुटतो. त्याच्या काळ्या रेषा मात्र एकसारख्या जाडीच्या नसतात, आणि ते पत्र्यात छान उतरतं: एक पट्टी २ मिलिमीटरची, शेजारची ४ ची, रंगाच्या जागी पोकळी. असाच दुसरा चित्रकार मालेविच, त्याच्या आकारांभोवती पांढरं असतं. दागिन्यात ती जागा घालणारीची मान आणि तिची साडी घेते. म्हणून नमुना पांढऱ्या कागदावर पसंत करायचा नाही, गडद कापडावर ठेवून बघायचा.

चित्रकार सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले, त्यामुळे त्यांच्या चित्रांतला गोल बिंदू आम्हाला घरचाच वाटतो. त्यावरून तुम्ही आखून दिलेली जोडी इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून इथे लिहितो. २४ गेजचा, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा घ्यायचा. ३६ मिलिमीटर व्यासाच्या दोन चकत्या कापायच्या आणि प्रत्येकीवर २८, २० आणि १२ व्यासाची वर्तुळं डिव्हायडरनं आखायची. करवतीचं पातं आत घालायला रेषेवर १ मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं. ते वरच्या बाजूला, टांगायच्या कडीखाली येईल असं पाडलं की त्याची खाच दिसत नाही. कापलेली सगळी वलयं एकात एक टांगली तर मध्ये पात्याएवढीच फट उरते आणि ती एकमेकांत अडकतात. म्हणून बाहेरून पहिलं आणि तिसरं एका जोडीला, दुसरं आणि मधला ठिपका दुसऱ्या जोडीला. दोन चकत्यांत दोन जोड्या होतात, वाया जातो तो फक्त भुसा. पहिल्या जोडीतलं एकेक कानातलं अडीच ग्रॅमच्या आसपास, दुसऱ्यातलं पावणेदोन; दिवसभर घातलं तरी कान ओढत नाही. आतलं वलय किती खाली लोंबेल हे कडीच्या मापावर ठरतं, म्हणून कडी शेवटी निवडायची. कानातला हुक मात्र थेट टांगायच्या भोकात घालावा. मध्ये एक सुटी कडी आली की चकती आडवी वळते आणि समोरून नुसती तिची धार दिसते.

तिरक्या, विषम आकारांसाठी तुम्ही दाखवलेली जुन्या लग्नपत्रिकेची चाचणी आता रोजची झाली आहे. जाड पुठ्ठ्याचा आकार सुईवर टांगायचा, दोऱ्यानं सरळ खाली रेघ मारायची. मग दुसऱ्या टोकाला टांगून पुन्हा. रेघा छेदतात तो तोल. भोक त्याच्या बरोबर वर, कडेपासून दीड-दोन मिलिमीटर आत. चौकोनावर वर्तुळ जोडायचं असेल तर पुठ्ठाही तसाच दुहेरी चिकटवावा, नाहीतर तोल चुकतो.

आणि काल्डर! पितळेची तार ठोकून, डाग न देता (म्हणजे धातू वितळवून सांधा न जोडता) दागिने करणारा हा शिल्पकार दाखवलात, आणि डाग देताना पत्रा नरम पडण्याची काळजीच मिटली. १ मिलिमीटरची तार, तेवढंच घट्ट भोक, दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर बाहेर ठेवून हलक्या हातानं ठोकायचं. भोक सैल असलं तर हे रिबीट, म्हणजे ठोकलेली तार, आतल्या आत वाकतं. एकाच रिबिटावर आकार फिरतो. जागेवर राहायला हवा असेल तर दोन हवेत.

हे सगळं शिकवून कोणाकडूनही काही घेतलं नाहीत. गटातल्या प्रत्येकीकडून मनापासून धन्यवाद.

आपल्या,
बचत गटातल्या भगिनी
जिल्हा भंडारा