आधी उपचाराची सोय, मग हुसकावणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उघड्यावर नशा करणाऱ्यांचे काय करायचे, या विषयावर आपल्या दैनिकात येणारी पत्रे मी नेमाने वाचते. काहींचे म्हणणे असते की ही आजारी माणसे आहेत, त्यांना सांभाळून घ्या. काही विचारतात, आमच्या मुलाबाळांनी ये-जा कुठून करायची? यांना उचला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघेही अर्धाच उपाय सांगतात आणि अर्ध्या उपायाने काय होते, हे जगातल्या काही शहरांनी भोगून झाले आहे.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिचचे उदाहरण घ्या. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या मुख्य रेल्वे स्थानकामागच्या प्लाट्झश्पिट्झ बागेत हेरॉइन घेणाऱ्यांकडे पोलिसांनी काणाडोळा करायचे ठरवले. हेतू वाईट नव्हता. एचआयव्ही झपाट्याने पसरत होता. माणसे एका जागी आली तर स्वच्छ सुया देता येतील, बेशुद्ध पडलेल्याला शुद्धीवर आणता येईल, असा विचार होता. डॉक्टर आणि स्वयंसेवकांनी तिथे अक्षरशः जिवाचे रान केले, अनेक जीव वाचवले. पण बाग हळूहळू विक्रेत्यांच्या हाती गेली, दूरदूरच्या गावांहून माणसे येऊ लागली, सामान्य नागरिकाला तिथे पाऊल टाकणे अशक्य झाले. फेब्रुवारी १९९२ मध्ये बागेला कुलूप लागले. म्हणून कोणी बरे झाले का? नाही. माणसे आसपासच्या गल्ल्यांत पांगली आणि लवकरच लेटेन या बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर तोच बाजार पुन्हा भरला. तिथे तर हिंसाचार आणखी वाढला.

१९९५ मध्ये लेटेनही बंद केले, पण या खेपेला तयारी होती. मेथाडोन या हेरॉइनची तलफ आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाचे उपचार वाढवलेले होते. देखरेखीखालच्या सेवनाच्या जागा होत्या, रात्रीचे निवारे होते, बाहेरगावच्यांना त्यांच्या भागात परत पाठवून तिथे उपचार मिळवून देण्याची व्यवस्था होती. इतर कोणत्याच उपचाराने गुण न आलेल्या जुन्या रुग्णांना दवाखान्यात, डॉक्टरांसमोर हेरॉइन देण्याचा प्रयोग १९९४ पासून सुरू झाला होता. जोडीला विक्रेत्यांवर पोलिसांची कडक कारवाई. तेवढ्या मोठ्या प्रमाणावरचा उघडा बाजार त्या शहरात पुन्हा भरला नाही. २००८ साली स्विस मतदारांनी हेरॉइनच्या या उपचाराला ६८ टक्के मतांनी कायमची मान्यता दिली. हे मतदार काही सगळे समाजसेवक नव्हते. त्यांच्या मुलांच्या वाटेवरच्या सुया कमी झाल्या होत्या.

अमेरिकेतल्या ओरेगनने उलटी चूक केली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी अमली पदार्थ थोड्या प्रमाणात बाळगण्यावरची फौजदारी शिक्षा काढून टाकली. तिच्या जागी १०० डॉलरचा दंड आला आणि तोही एका हेल्पलाइनला फोन करून आरोग्य तपासणी करून घेतली की माफ. ज्याची तलफ शिगेला पोहोचली आहे, तो माणूस चिठ्ठीवरचा नंबर फिरवेल, ही अपेक्षाच मला भाबडी वाटते. फार थोड्यांनी फोन केला. उपचारासाठीचा पैसा संस्थांपर्यंत पोहोचायला उशीर झाला. त्याच काळात फेंटानिल हा हेरॉइनहून कितीतरी जहाल अमली पदार्थ बाजारात शिरला होता, त्यामुळे वाढलेल्या मृत्यूंचे खापर एकट्या या कायद्यावर फोडणे योग्य नाही आणि त्याबाबत अभ्यासकांचेही एकमत नाही. पण रस्त्यावरचे दृश्य पाहून लोकांचा धीर सुटला आणि सप्टेंबर २०२४ पासून बाळगणे पुन्हा गुन्हा ठरले. दयेचे धोरण फसले की समाज नुसता मागे फिरत नाही, पुढच्या वेळी दयेचे नाव काढणाऱ्याचेही ऐकत नाही. याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

पोर्तुगालचा दाखला तर दोन्ही बाजू आपापल्या सोयीने देतात. तिथे २००१ पासून स्वतःच्या वापरापुरता, म्हणजे साधारण दहा दिवसांचा साठा बाळगणे हा गुन्हा राहिला नाही. पण ते कायदेशीरही झाले नाही. पोलीस माल जप्त करतात आणि त्या माणसाला कायदा, आरोग्य व समाजकार्य यांतल्या जाणकारांच्या समितीपुढे हजर व्हावे लागते. विक्री हा तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. त्याच सुमारास उपचाराची सोयही देशभर वाढवली गेली. पुढे निधी आटला, यंत्रणा विखुरली आणि पोर्तोसारख्या शहरात उघड्यावरच्या नशेच्या तक्रारी पुन्हा ऐकू येऊ लागल्या.

मी हे त्रयस्थपणे लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ काही वर्षे गर्दच्या आहारी गेला होता. त्याने घरातले दागिने विकले, आईच्या अंगावर हात उगारला. आई त्याच्यासाठी रात्र रात्र जागायची आणि कपाटाची किल्ली मात्र उशाखाली ठेवायची. तिची माया खोटी नव्हती, तशी भीतीही खोटी नव्हती. म्हणून, वस्तीतले लोक घाबरतात तेव्हा त्यांना निष्ठुर ठरवणाऱ्यांचा मला राग येतो. पोरांच्या खेळायच्या जागेत वापरलेली सुई सापडली तर कोणत्या बापाचे डोके ठिकाणावर राहील? व्यसन हा आजार आहे, पण चोरी, दमदाटी, मारहाण ही कृत्ये आहेत आणि त्यांचा जाब आजारी माणसालाही द्यावाच लागेल. फक्त तो जाब त्या कृत्याचा असावा. फाटके कपडे, तारवटलेले डोळे आणि फूटपाथवर पडून राहणे एवढ्यावरून कोणाला फरफटत नेऊ नये.

‘तुरुंगात टाका, आपोआप सुटेल’ म्हणणाऱ्यांना एक माहिती द्यायची आहे. आत नशा तुटली की शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच प्रमाणात घेतो आणि दगावतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, ओव्हरडोसने मरण्याचा धोका सामान्य लोकांच्या १२९ पट होता. उलट मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन ही औषधे नियमित मिळाली तर तलफ आटोक्यात राहते, मृत्यू बरेच कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. ‘एक नशा सोडवून दुसरी लावतात’ अशी त्यांच्यावर टीका होते. ज्यांच्या घरातला माणूस या औषधांवर पुन्हा कामाला जाऊ लागला आहे, त्यांना विचारून पाहावे.

राहिला प्रश्न, उपचार केंद्र कोणाच्या शेजारी उघडायचे. आमच्या गल्लीत नको, असे सगळेच म्हणतात. त्यावर रहिवाशांना उपदेश करण्यापेक्षा लेखी हमी द्यावी. केंद्राबाहेर रात्रभर उजेड आणि पहारा असेल, आसपासच्या सुया रोज उचलल्या जातील, तक्रारीसाठी दिलेला फोन रात्रीही उचलला जाईल, आवारात माल विकणाऱ्याला त्याच दिवशी पकडले जाईल आणि दर महिन्याला रहिवाशांसमोर हिशेब ठेवला जाईल. हमी मोडली तर केंद्र चालवणाऱ्याला जबाबदार धरावे, पण केंद्र बंद करू नये. चालक बदलावा.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. एखाद्या जागेवरून इतक्या नशेकऱ्यांना हटवले, अशी बातमी आपण ठळक छापता. तिच्यासोबत प्रशासनाला आणखी दोन प्रश्न विचारून त्यांची उत्तरेही छापावीत: हटवलेल्यांपैकी किती जणांना त्याच दिवशी उपचार मिळाले आणि उरलेल्यांना किती दिवस थांबायला सांगितले? सोबत सहा महिन्यांनी त्याच जागेची पुन्हा बातमी घ्यावी.

आपली नम्र,
एक वाचक