आखाजीचे पत्ते आणि मोबाइलवरचा कर्णधार

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

चोपडा तालुक्यातील एका शाळेत सत्तावीस वर्षे खो-खो आणि कबड्डी शिकवून मी निवृत्त झालो, त्यामुळे ‘खेळणे’ या क्रियापदाशी माझा पोटापाण्याचा संबंध राहिला आहे. हे क्रियापद गेल्या काही वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत बदलले. पूर्वी एखाद्या मुलाला ‘तू काय खेळतोस?’ असे विचारले की तो कबड्डी, कुस्ती, क्रिकेट, फार तर कॅरम असे काही सांगत असे. अलीकडे मात्र तो खिशातून मोबाइल काढतो आणि त्याने आज किती रुपये लावले आहेत ते सांगतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी आणली. त्यावर आपल्या दैनिकात उलटसुलट मजकूर येऊन गेला आहे. माझे म्हणणे त्या वादापेक्षा थोडे वेगळे आहे, म्हणून हे पत्र.

२०२५ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिलला होती. आखाजीला आमच्याकडे काय काय असते हे खान्देशातील वाचकांना मी सांगायला नको. सकाळी घागर भरून झाली, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस झाला, माहेरी आलेल्या लेकी झोक्याकडे गेल्या, की पुरुषमंडळी निंबाखाली ताडपत्री अंथरून पत्ते काढतात. झन्नामन्ना, तीन पत्ती, जे ज्याला येते ते. कायद्याने पाहिले तर तो जुगारच आहे आणि १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा सणासुदीला सूट देत नाही. परंतु त्या दिवशी सहसा कोणी कोणाला हटकत नाही. या प्रथेची मी वकिली करतो आहे, असा समज कृपया होऊ नये. आखाजीला सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, नवे साल सुरू होते आणि त्याला उचल द्यायची असते. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतील एका गृहस्थांनी सालदारासाठी बाजूला ठेवलेली उचलच ताडपत्रीवर घालवली. दुपार कलायच्या आत ही बातमी त्यांच्या घरी पोहोचली, त्यांची पत्नी निंबाखाली येऊन एक शब्दही न बोलता उभी राहिली, आणि डाव तिथेच मोडला. त्यानंतर कित्येक वर्षे ते गृहस्थ ताडपत्रीकडे फिरकले नाहीत, आणि फिरकले असते तरी त्यांना कोणी पाने वाटली नसती.

मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या जुगाराला सगळे जुगारच म्हणत होते. तो कोण खेळतो, किती हरला आणि कोणाचे पैसे हरला, हे गल्लीला ठाऊक असे. तो दिवस मावळला की पत्ते फळीवर जात. आणखी एक गोष्ट म्हणजे निंबाखालच्या डावात नाल काढणारा कोणी नसे. अड्ड्यावर असतो; तिथे कोणीही जिंको वा हरो, अड्डेवाल्याचा वाटा आधी बाजूला निघतो. घरच्या पत्त्यांत आणि अड्ड्यात आमच्या वडीलधाऱ्यांनी हाच फरक मानला होता.

त्याच आखाजीच्या संध्याकाळी चेन्नई आणि पंजाब यांचा आयपीएलचा सामना होता. उन्हाने तापलेल्या घरात बसवत नव्हते म्हणून पुतण्याने टीव्ही ओट्यावर आणून ठेवला होता, आणि गल्लीतील दहा-बारा पोरे समोर बसली होती. पुतण्याच्या अंगात पिवळी, पाठीवर सात आकडा असलेली बनियन होती. धोनीवर त्याची भक्ती शाळेपासूनची. एकोणिसाव्या षटकात चहलने धोनीला बाद केले, आणि माझा हा पुतण्या टाळी वाजवून उठला. मला वाटले, त्याला नीट दिसले नसावे. त्याने चहलच्या त्याच षटकातील हॅट्ट्रिकवरही उडी मारली, तेव्हा मी शेजारच्या पोराला कारण विचारले. तो म्हणाला, ‘काका, चहल त्याचा कॅप्टन आहे.’ मोबाइलवरच्या त्या खेळात दोन्ही संघांतून मिळून अकरा जण निवडायचे असतात आणि त्यांपैकी ज्याला कर्णधार नेमाल त्याचे गुण दुप्पट धरले जातात, हे मला त्या रात्री समजले. म्हणजे चेन्नईचा कर्णधार वेगळा, पंजाबचा वेगळा आणि ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाचा आणखी वेगळा. दहा पोरे एकच सामना पाहत होती, पण कोणीही कोणाच्या बाजूने नव्हते. पिवळी बनियन घातलेला मुलगा धोनीच्या विकेटवर टाळी वाजवतो, यात त्याला स्वतःला काहीही वावगे वाटले नाही, ही गोष्ट मला त्याने घालवलेल्या पैशांइतकीच लागली.

पैसे गेल्याचे कळले ते मृगाच्या तोंडावर, कपाशीच्या बियाण्याच्या पिशव्या आणायला माझा भाऊ निघाला तेव्हा. क्रिकेटवर थोडे आणि रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या रमीवर बरेच, असे मिळून अठ्ठेचाळीस हजार रुपये खात्यातून गेले होते. भावाने एवढेच विचारले, ‘कितला ग्यात?’ आकडा ऐकून तो ओट्यावर बसून राहिला. मुलगा रात्रंदिवस आमच्यातच होता, जेवत होता, दुकानावर कामाला जात होता, आणि हात-दीड हातावर बसून हरत होता. पण कोणाच्याही बायकोला, आईला किंवा चुलत्याला निंबाखाली जाऊन उभे राहता येईल अशी ती जागाच नव्हती.

या खेळांची बाजू मांडणारे ‘कौशल्य’ हा शब्द फार वापरतात. रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, म्हणून ती निव्वळ नशिबाची बाब नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटले होते, आणि त्या वाक्याच्या आधारावर ही कोट्यवधींची दुकाने उभी राहिली. परंतु त्याच निकालात न्यायालयाने असेही नमूद केले होते की, क्लबचा चालक अशा डावातून स्वतः नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. म्हणजे आमच्या वडीलधाऱ्यांचा नाल न काढण्याचा नियम न्यायालयालाही ठाऊक होता. प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेणाऱ्या अॅपच्या जाहिरातींत मात्र निकालाचा हा भाग मी कधी वाचला नाही. कौशल्याचेच म्हणाल तर खो-खोत खांबावरून झेपावताना शरीर जमिनीला समांतर कसे ठेवायचे, हे एका मुलीला शिकवायला मला दोन हिवाळे लागले होते. तेव्हा या शब्दाच्या बाबतीत मी थोडा कडक आहे, हे मान्य करतो.

नवा कायदा संसदेत दोन दिवसांत संमत झाला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची त्यावर स्वाक्षरी झाली. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड, आणि जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. मला ही विभागणी योग्य वाटते. भारतीय संघाच्या छातीवर ज्या कंपनीचे नाव होते ती बाजूला झाली आणि सप्टेंबरमधील आशिया चषकात आपले खेळाडू प्रायोजकाच्या नावाविना खेळले. त्या बनियनवर फक्त देशाचे नाव पाहून बरे वाटले. (त्याआधीच्या विधिमंडळाच्या पावसाळी अधिवेशनात राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, समोर आलेला खेळ बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. पुढे काही दिवसांनी त्यांच्याकडे क्रीडा खाते आले. यावर मी काही लिहावे असे उरलेले नाही.)

कायद्याने सगळे मिटले, असे मात्र नाही. पुतण्याच्या मोबाइलवर अजूनही ‘आयडी घ्या, पैसे तत्काळ खात्यात’ असे संदेश येतात. ते पाठवणारे कोण आणि कुठे बसलेले असतात, याचा पत्ता लागत नाही.

तरीही २ नोव्हेंबरची रात्र मला नमूद केली पाहिजे. नवी मुंबईतील महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीपर्यंत चालला. ओटा तोच, टीव्ही तोच, पोरेही बहुतेक तीच. फक्त या वेळी त्यांच्यासोबत माझी सून, भावाची पत्नी आणि शेजारच्या दोन आजी होत्या. शफाली वर्मा मूळ संघातही नव्हती. सहकारी खेळाडूला दुखापत झाल्यामुळे उपांत्य फेरीआधी तिला बोलावले गेले होते, आणि तिने ८७ धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार वोल्वार्ट शतक करून उभी होती, तेव्हा दीप्ती शर्माच्या चेंडूवर तिने उंच फटका मारला आणि अमनजोतच्या हातातून तो झेल एकदा निसटला, पुन्हा निसटला आणि मग एकदाचा हातात राहिला. तेवढ्या वेळात ओट्यावर कोणी श्वास घेतला नसेल. भारत ५२ धावांनी जिंकला. पुतण्याने पुन्हा टाळी वाजवली, आणि या वेळी का, हे मला कोणाला विचारावे लागले नाही.

आता आपल्या दैनिकाबद्दल. कायदा होईपर्यंत या खेळांच्या पान-पानभर जाहिराती आपण छापल्या, आणि ‘यात आर्थिक जोखीम असून व्यसन लागू शकते’ हे वाक्य ज्या बारीक अक्षरांत तळाशी असे, ते वाचायला मला भिंग लागे. त्या पानाच्या पाठीमागेच आपण गावातील झन्नामन्नाच्या अड्ड्यावरील छाप्याची बातमी नावनिशीवार छापत होतात. वृत्तपत्र चालवायला पैसा लागतो हे मी जाणतो, त्यामुळे झाले ते झाले. माझी मागणी लहान आहे. आमच्याकडील यात्रांमध्ये कुस्त्यांच्या दंगली होतात. नारळावरच्या पोरांच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत पाच-सहा तास हजारो माणसे उन्हात उभी असतात. दुसऱ्या दिवशी आपल्या पानावर ‘यात्रा उत्साहात’ एवढे शीर्षक, उद्घाटकांचे नाव आणि व्यासपीठावरील आठ-दहा जणांची यादी येते. कुस्ती कोणी जिंकली, कोणत्या डावावर जिंकली, हरलेला पठ्ठ्या कोणत्या गावचा होता, यातले काहीच नसते. तालुकास्तरावरील खो-खोचीही हीच गत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे. तो विजय आपण ठळक छापलात, त्याबद्दल आभार. पण असे खेळाडू ज्या स्पर्धांतून तयार होतात त्यांचे निकाल छापायला आपल्याकडे चार ओळींची जागा नसते.

आपल्या वार्ताहरांना प्रत्येक दंगलीत दिवसभर थांबणे जमत नसेल, हे मी समजू शकतो. आमच्या गावच्या यात्रेत मी आखाड्याच्या काठावर वही घेऊन बसेन, पुतण्याला सोबत घेईन आणि सर्व कुस्त्यांचे निकाल, गाव आणि डाव यांसह, त्याच संध्याकाळी आपल्या कार्यालयात पोहोचते करीन. जागेअभावी काही गाळायचेच झाले, तर कृपया व्यासपीठावरील नावे गाळावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
चोपडा तालुका, जि. जळगाव