चि. मनूस, कुस्कोहून

कुस्को (पेरू), रात्रीचे साडेनऊ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

ऑक्सिमीटर तू टेबलावर ठेवून गेलीस. विसरलीस म्हणावं तर त्याच्याखाली आमच्या टूरची पावती नीट दाबून ठेवलेली होती. असू दे. काल जेवताना जे झालं ते झालं. आईने बजावलंय, त्या विषयावर एक शब्द काढायचा नाही. तेव्हा आजचा दिवस कसा गेला तेवढंच लिहितो. तुला नेटवर्क येईपर्यंत एकच टिक दिसत राहणार, पण लिहिलेलं बरं. तोंडाने बोललो की आपलं दोघांचं काय होतं ते आईला विचार.

तू पहाटे गेलीस, त्यानंतर आम्ही दोघं काही झोपलो नाही. टूरवाल्यांची गाडी वेळेवर आली. गाइड मुलगी तुझ्याच वयाची, जवळच्याच खेड्यातली. घरात केचुआ, गाडीत स्पॅनिश आणि आमच्यासाठी इंग्रजी. शेजारी अर्जेंटिनाचं एक जोडपं होतं. त्यांना मी गाडी शहराबाहेर पडायच्या आत सांगून टाकलं की आमची मुलगी आजपासून इंका ट्रेलवर आहे, चार दिवस, साधारण ४३ किलोमीटर चालत माचू पिचूला पोचणार. तुझा कोकणकड्यावरचा फोटोही दाखवला. आई खिडकीबाहेर बघत होती, पण ऐकत होती.

पहिलं गाव चिंचेरो. रस्त्यात नव्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचं मातीकाम दिसतं. गावात त्यावर बरेच वाद आहेत म्हणे, पाण्याचे, जमिनींचे. मला वेगळंच दिसलं. चिंचेरो ३,७६२ मीटरवर आहे, कुस्कोपेक्षाही उंच. विमानातून उतरणारा माणूस थेट तिथे पाय ठेवणार, आणि त्यातल्या कुणाला दमा असला तर?

बरं, राहू दे. विणकर बायकांच्या अंगणात नेलं आम्हाला. आईचा सगळा दिवस तिथेच सत्कारणी लागला. एका बाईने कसलंसं मूळ किसून पाण्यात टाकलं, भराभर फेस आला, त्यात मळकी लोकर बुडवून पिळली तर पांढरीशुभ्र. मग निवडुंगाचं पान आणलं. त्यावर पांढरी बुरशी दिसते तशी कीड होती. चिमूटभर कीड तळहातावर घेऊन चिरडली तर लालभडक. त्यावर लिंबू पिळलं की रंग नारिंगीकडे गेला. आईने आपला हात पुढे केला, तिने आईच्याही हातावर चिरडली. आत्ता पिठल्याचं पाणी ढवळतेय (हो, तुझी ती पाकिटं उपयोगी पडताहेत), तरी रेघांमधला लाल तसाच आहे. मागाचं एक टोक खांबाला आणि दुसरं त्या बाईच्या कमरेला बांधलेलं. ती मागे रेलली की ताणा ताठ, पुढे झुकली की सैल. लामाच्या हाडाने बाणा ठोकते. नक्षीचा कागद नाही, नमुना नाही, सगळं डोक्यात. हा सगळा कार्यक्रम शेवटी दुकानातच संपतो, ते मला कळतं. पण ताणा मोजणारी बोटं गिऱ्हाईक बघून तशी चालत नाहीत. आईने राजूरच्या मावशीसाठी शाल घेतली. घासाघीस मराठीतून केली आणि पाच सोल कमी करून घेतले.

तिथून वर चौकापर्यंत दगडी चढ आहे. वर १६०७ सालचं चर्च, तुपाक इंका युपांकी या इंका राजाच्या वाड्याच्या भिंतींवर बांधलेलं. खाली इंकांचा घडीव दगड, वर स्पॅनिशांचा चुना. दोन वळणं चढलो आणि मला थांबावं लागलं. धाप म्हणजे अशी की बोलता येईना. आई कोकाचा चहा पिऊन बसली होती, ती ठणठणीत. मी भिंतीला टेकलो आणि डोक्यात आपोआप वजाबाकी सुरू झाली. ४,२१५ वजा ३,७६२. उद्या दुपारपर्यंत तू ट्रेलवरच्या सगळ्यात उंच खिंडीत, माझ्यापेक्षा साडेचारशे मीटर वर असशील. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे अडीच कळसूबाया एकावर एक. त्या खिंडीला मेलेल्या बाईची खिंड म्हणतात हे आईला अजून माहीत नाही. गाइडने सांगितलं की खालून बघितलं तर डोंगराची धार आडव्या पडलेल्या बाईसारखी दिसते, म्हणून ते नाव, बाकी काही नाही. मी आईपर्यंत ते पोचू दिलं नाही.

मोराय मात्र तू चुकवायला नको होतंस. जमिनीत गोल गोल उतरत गेलेल्या ताली, म्हणजे दगडी बांध घातलेल्या शेताच्या पायऱ्या, वर्तुळात वर्तुळ. वरच्या आणि तळाच्या पायरीत तापमानाचा १५ अंशांपर्यंत फरक पडतो असं सांगतात. पिकांचे प्रयोग करायची जागा असावी असा अंदाज. ते असेल नसेल, मी बघत होतो निचरा. एवढा मोठा खोलगट भाग, पण तळात पाणी तुंबत नाही. आमच्या पाटबंधारे खात्यात कुणी असा खड्डा प्रस्तावात दाखवला असता तर फाईल त्याच दिवशी परत आली असती. इंकांच्या तालीत तळाला मोठा डबर, त्यावर खडी, मग वाळू आणि सगळ्यात वर माती, तीही बऱ्याचदा खालून वाहून आणलेली. भिंती डोंगराकडे किंचित कललेल्या. ताल फुटते ती मातीच्या वजनाने कमी आणि मागे साचलेल्या पाण्याने जास्त, हे मी साइटवर कितीदा ओरडून सांगितलंय. इथे ते दगडात लिहिलेलं आहे. एका तालीवरून दुसरीवर जायला भिंतीतून दगड बाहेर काढलेत, आपल्या जुन्या विहिरीत उतरायला असतात अगदी तसे. २०१० च्या पावसात मोरायचाही काही भाग ढासळला होता, नंतर दुरुस्त केला. तेव्हा माचू पिचूची रेल्वेसुद्धा पुरात तुटली होती.

मारासची मिठागरं लांबूनच बघितली. खाऱ्या झऱ्याचं पाणी चाऱ्यांतून तीन हजारांवर वाफ्यांत फिरवतात, वाफे घरोघरी वाटलेले. आता वाफ्यांमधून चालू देत नाहीत, ते बरंच आहे. उरुबांबाला जेवण झालं. बुफेत गिनीपिग होता. आईने त्यानंतर फक्त मका आणि बटाटा खाल्ला. मक्याचा दाणा मात्र अंगठ्याएवढा.

आणि मग ओयान्तायतांबो. तिथे पायऱ्या चढताना मी आधीच ठरवलं की सावकाश जायचं, थांबत थांबत. वर सहा शिळा उभ्या आहेत, गुलाबी दगडाच्या, दोन माणसं उंच, मधे दगडाच्याच अरुंद पट्ट्या घट्ट बसवलेल्या. चुना नाही, लोखंडी हत्यार नाही, चाकाची गाडी नाही. खाण नदीपलीकडच्या डोंगरावर. म्हणजे तिथून खाली उतरवायच्या, नदी ओलांडायची आणि पुन्हा चढावर ओढायच्या, एकेक शिळा पन्नास टनांच्या घरात. मी हात लावणार होतो, पहारेकऱ्याने शिट्टी मारली. वाटेत सोडून दिलेल्या शिळा अजून तशाच पडल्यात, त्यांना इथली माणसं थकलेले दगड म्हणतात. मनू, दगडालासुद्धा थकायची मुभा आहे. म्हणजे मला एवढंच म्हणायचंय की थकलं की थांबायचं, बरोबरच्यांनी हसलं तरी. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, तर त्या दिवशी उंची वाढवायची नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं, अंधार असला तरी. पंप सॅकमध्ये नाही, खिशात. थंडीत तो गारठतो, रात्री झोपताना अंगाशी घ्यायचा. आणि गाइडला आधीच सांगून ठेवायचं की लहानपणापासून दमा आहे, त्यात लाजायचं काय?

बघ, सुरू झालं माझं. काल तू म्हणालीस, बाबा, मी तुमच्या कॉलनीतली पेशंट नाही. सॉरी. शिवाय हे तुझ्यापर्यंत पोचेल तेव्हा तू खिंड उतरून आलेली असशील, म्हणजे सगळा सल्ला वायाच. तरी खोडत नाही.

कॉलनीतली पेशंट. भंडारदऱ्याचा पाऊस तुला आठवतो का गं? तुला आठवत असेल तो भिंतींवरच्या बुरशीचा वास. मला आठवतो तुझ्या गळ्याखालचा खड्डा. श्वास घेतलास की तो आत जायचा, इतका आत की माझं बोट मावावं. त्या रात्री खात्याच्या जीपमधून संगमनेरला नेताना मी तुला छातीशी उभी धरून बसलो होतो आणि टॉर्चच्या उजेडात फक्त तो खड्डा बघत होतो. आई पुढे बसून ड्रायव्हरकाकांना रस्ता सांगत होती, जसा काही त्यांना माहीत नव्हता. दवाखान्यात मास्क लावल्यावर थोड्या वेळाने तू म्हणालीस, बाबा, भूक लागली. पहाटे बसस्टँडवर तू बटाटेवडा खाल्लास आणि मला नानांची शपथ घातलीस की आजीला सांगायचं नाही. अजून विमानतळावर तू समोरून येतेस तेव्हा माझी नजर आधी तिथेच जाते. ते काही जाणार नाही आता.

आणि दहावीनंतर तूच हट्ट करून नवरात्रात कळसूबाईला गेलीस. शिड्यांपाशी थांबलीस, मी मागे होतो, मला वाटलं परत फिरतेस. तू फक्त बूट आवळलेस.

ओयान्तायतांबोची एक गोष्ट सांगायची राहिली. १५३७ मध्ये मांको इंका या राजाने इथे स्पॅनिश सरदार एर्नांदो पिझारोच्या घोडदळाला परतवलं ते कालव्यांचं पाणी खालच्या मैदानावर सोडून. घोडे चिखलात रुतले. लढाईत पाटकऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवत नाही, पण दारं कुठली आणि कधी उघडायची हे ठाऊक असणारा कुणीतरी होताच. गावात आजही इंकांच्या गल्ल्या आहेत आणि कडेने चारीतून पाणी धावतं. मी बराच वेळ ते बघत उभा होतो. गाइडला वाटलं मी दमलोय.

तिथूनच रेल्वे पुढे जाते. रुळांच्या हिशेबाने ते ६८ वा किलोमीटर आणि तू चालायला लागलीस तो ८२ वा. मी नदीच्या खालच्या अंगाला बघून आईला म्हटलं, तिकडे आहे. ती म्हणाली, मला दिसतंय.

पिसाकला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. ताली उत्तम, बाजार नेहमीचाच. समोरच्या कड्यात शेकडो भोकं आहेत, ती जुनी थडगी, लुटलेली. आई गाडीतच बसली. परतताना चिंचा विकणाऱ्यांच्या घरांवर काठीला लाल प्लास्टिक लावलेलं दिसलं. चिचा म्हणतात मक्याच्या दारूला, मी चुकून चिंचा लिहिलं, तसंच राहू दे, तुला हसायला.

दादाचा फोन आला होता. मी त्याला तुझे मुक्काम, उंच्या, सगळं तोंडपाठ सांगितलं. शिवाय रोज पाचशेच माणसांना परवाने मिळतात, त्यात हमालही आले, आणि त्यात आपली मनू आहे, हेही. तो म्हणाला, तुम्हीच चालताय जणू. मी नकाशा बघितलाय, म्हटलं. वायाबांबाचा तुझा आजचा मुक्काम ३,००० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे आज रात्री तू आमच्यापेक्षा चारशे मीटर खाली झोपली आहेस. आज मी झोपणार. उद्याचं उद्या.

चौथ्या दिवशी आम्ही पहिल्या गाडीने येतो. आई म्हणते, तिथल्या फाटकाशी थांबू. मी म्हणतो, तू येशील त्या सूर्यद्वाराच्या वाटेने जेवढं वर येऊ देतील तेवढं येऊ. ती ऐकेल असं दिसत नाही, तेव्हा आधी फाटकाशी बघ. तुझा पासपोर्ट जवळ ठेव. पॉवर बँकची वायर इथेच राहिलीय, तेव्हा फोन बंद पडला तर आम्ही समजून घेऊ. म्हणजे आई घेईल.

तुझा,
बाबा

ता. क. वाचून झालं की कालच्यासारखं नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवू नकोस. दोन ओळी लिही. श्वास कसा आहे तेवढंही चालेल.