मुक्ताचं बाळंतपण त्रिनिदादला

प्रिय सुमे,

मुक्ताला दिवस गेलेत. फेब्रुवारीतली तारीख दिलीय. फोनवर मुद्दामच सांगितलं नाही. तू आधी किंचाळली असतीस, मग मला रडू फुटलं असतं, आणि खरं बोलायचं ते राहून गेलं असतं. आमच्या तब्येती ठीक. ह्यांचे सांधे थंडीत कुरकुरतात, माझी साखर आटोक्यात आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे मी धरूनच चालले होते. पण तिला विद्यापीठातून एवढी रजा नाही आणि डॉक्टरही तिथलेच हवेत म्हणते. म्हणजे मलाच जायला हवं. आणि सुमे, मला एकटीला जावं लागणार आहे. हे येऊ शकत नाहीत.

कारण ऐक. त्रिनिदाद पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे. तिथून परत येताना लस घेतल्याचं पिवळं पुस्तक नसेल, तर आपल्याकडे विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ती लस जिवंत विषाणूची असते, आणि ह्यांच्या संधिवाताच्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या. डॉक्टरांनी स्पष्ट नाही सांगितलं. लस न घेता तिथल्या डासांत जाणं त्याहून वाईट. मला साठी उलटलेली म्हणून बरेच प्रश्न विचारले, आधीचे कागद बघितले आणि मगच टोचली. दोन दिवस दंड दुखला, एवढंच. लस दहा दिवसांनी लागू होते आणि आता जन्मभर चालते. ह्यांच्याजवळ वन्सं येऊन राहणार आहेत. तरी रात्री जाग येते तेव्हा वाटतं, एका बाजूला हे, एका बाजूला पोर, मधे अख्खी पृथ्वी.

तू म्हणशील, वेस्ट इंडिजला काय घाबरायचं, तिथे तर सगळे नाचत असतात. नाचतात खरे, आणि तीच पंचाईत आहे! ख्रिस्ती लोकांच्या राखेच्या बुधवारआधीचे सोमवार-मंगळवार म्हणजे कार्निव्हल, आणि यंदा तो नेमका मुक्ताच्या तारखेच्या आसपास येतोय. सोमवारी पहाटे उजाडायच्या आधीच माणसं चिखल आणि रंग फासून रस्त्यावर उतरतात. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनचे रस्ते बंद, गाणी, स्टीलपॅन म्हणजे पोलादी पिंपांच्या वाद्यांचे ताफे. आमचा जावई रवी म्हणतो, आई, काळजी नको, दवाखाना आमच्या चग्वानासच्या बाजूला आहे, शहरात जायचंच नाही. त्याचा शांतपणा मला आवडतो, पण तो बाळंत होणार नाहीये.

आणि दुसरी भीती गुन्ह्यांची. जेमतेम 14 लाखांचा देश आणि 2024 साली सहाशेच्या वर खून. त्याच डिसेंबरच्या अखेरीला सरकारने आणीबाणी लावली. व्हेनेझुएला समुद्रापलीकडे अवघ्या 11 किलोमीटरवर, तिथून बंदुका येतात म्हणतात. मुक्ता सांगते, रात्री एकटं फिरायचं नाही, ओळखीच्याच गाडीने जायचं, की रोजचं आयुष्य आपल्यासारखंच. मी ते मान्य करते आणि पुन्हा रात्री जागी होते. हो, तुझ्या भाच्याची ती लष्करी ठिपक्यांची टोपी तिथे चालणार नाही. तसले कपडे घालायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. त्याला सांग, तुरुंगातून सोडवायला मावशी येणार नाही.

रवीच्या आईशी मात्र माझं सूत जुळलंय. आपली सकाळची साडेसात म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे दहा, तेव्हा त्या व्हिडिओ लावतात. अंगणात बांबूंवर लाल-पिवळ्या झेंड्या उभ्या असतात. पूजा झाली की एक नवी रोवतात. त्यांच्या पणजोबांचा मजूर म्हणून तिकडे जायचा परवाना त्यांनी मला दाखवला: उत्तर प्रदेशातला बस्ती जिल्हा, गाव, वय, उंची, अंगावरची खूण, सगळं लिहिलेलं. अशा मजुरांचं पहिलं जहाज, फतेल रझाक, कलकत्त्याहून निघून 30 मे 1845 ला तिथे लागलं. पुढे 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 40 हजार माणसं अशीच उसाच्या मळ्यांवर नेली, पाच-पाच वर्षांच्या करारावर. बहुतेक परतलीच नाहीत. रवीचे वडील साखर कंपनीतच होते, 2003 साली ती बंद पडेपर्यंत. त्या घरात आज कुणाला भोजपुरी धड बोलता येत नाही. भजनं मात्र पाठ आहेत.

सुमे, हे मी फक्त तुलाच लिहू शकते. परवाना बघून माझ्या पोटात गोळा आला. आपलं गावही असंच एखाद्या कागदावर उरेल का गं? मुक्ताच्या नातवंडांना सातारा म्हणजे काय ते कुणी सांगेल का? रवीच्या आईंना मी हे कसं विचारू? पण त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, सहाव्या दिवशी छठी करू, बाराव्या दिवशी बरही, तुमच्याकडे काय करतात? मी म्हटलं, पाचवीला सटवाई पुजतो आणि बाराव्याला बारसं. त्या खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, मग पाळण्याचं तुम्ही बघा. दीडशे वर्षांत भाषा गेली, पण बारावा दिवस गेला नाही. त्या रात्री मला झोप लागली.

त्यांच्याकडून एक गोष्ट ऐकली, ती तुला फार आवडेल. वॉटरलू नावाच्या गावात शिवदास साधू म्हणून एक मळेकामगार होता. त्याने किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची, म्हणून त्याला तुरुंगात घातलं आणि देऊळ पाडलं. मग तो म्हणाला, समुद्र तर कुणाचा नाही! सायकलवरून आणि डोक्यावरून दगडमाती नेऊन त्याने वर्षानुवर्षं पाण्यात भराव घातला आणि त्यावर देऊळ उभं केलं. 1995 साली ते नव्याने बांधलं. आता सगळे बघायला जातात. मला तिथे जायचंच आहे.

आणि पोर्ट ऑफ स्पेनचं क्रिकेटचं मैदान, क्वीन्स पार्क ओव्हल! ते विसरलीस तर बघ. 1976 च्या एप्रिलमध्ये तिथे आपण वेस्ट इंडिजविरुद्ध 403 चा पाठलाग केला, 4 बाद 406, तेव्हा बापूंनी अख्ख्या आळीत पेढे वाटले होते. आणि आपण आठ दिवस बोललो नव्हतो, कारण तू म्हणायचीस सामना गावसकरांनी जिंकून दिला. बाई, त्यांचे 102, विश्वनाथचे 112. आजही तेच म्हणेन. त्याच मैदानावर 1971 साली सरदेसाईंचेही 112 होते, आणि गावसकरांचा पहिला कसोटी सामनाही तोच. एवढं तुझ्या बाजूने घे. तेव्हा ओट्यावर बसून ठरवलं होतं ना आपण, मोठ्या झाल्यावर तिथे जायचं?

म्हणून म्हणते, तू चल. माझ्याबरोबर.

भारतीय पासपोर्टवर 90 दिवसांपर्यंतच्या पर्यटनाला व्हिसा लागत नाही. अमेरिकेमार्गे मात्र नको. तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. युरोपमार्गाचं मुक्ता बघते आहे. जानेवारी ते मे कोरडा हंगाम, चिखल नाही, आणि वादळांचा नेहमीचा पट्टा बेटाच्या उत्तरेला राहतो. वीज 115 व्होल्टची, त्यामुळे आपला मिक्सर तिकडे चालायचा नाही, डिंकाचे लाडू इथेच करून न्यायचे. अळीव नेऊ देतात का, ते रवी विचारतोय. खायची तुला काळजी नको. सकाळी रस्त्यावर डबल्स मिळतात, दोन मऊ बारे, म्हणजे तळलेल्या पुऱ्या, आणि मधे छोले, वर चिंचेची चटणी. त्यांची दालपुरी तर गूळ न घातलेल्या पुरणपोळीसारखी दिसते. कडा फुटतात तुझ्या पोळ्यांसारख्याच, असं मुक्ता म्हणाली!

राहुलच्या बदलीचं काय झालं? विहिरीचा गाळ काढून झाला का? वहिनींना नमस्कार, आणि त्या भिंतीवरून आता कोर्टात जाऊ नका गं.

पासपोर्टची मुदत आजच बघ. रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी घेऊन आधी तुझ्या डॉक्टरांकडे जा, ते हो म्हणाले तरच मुंबईला लशीची वेळ घे. मी पंधरवडाभर तिकीट काढत नाही. दोघींची शेजारची जागा मिळायला हवी.

तुझी,
शालन