पाळणाघरातल्या ताईंनाही शिकवा

महोदय,
करवीर तालुक्यात मी बरीच वर्षे अंगणवाडी सेविका होते. वजन, पोषण आहार, रजिस्टरे सगळे शिकवले गेले; पण पाठीवरचा वळ पडल्याचा की मारल्याचा, हे कसे ओळखावे ते कधीच नाही. एक चिमुरडी अचानक कुणाला कपडे बदलू देईना, कोपऱ्यात बसून राही. शंका आली, पण ‘दुसऱ्याच्या घरात कशाला पडा’ म्हणून मी गप्प बसले. ते आजही खुपते.

पॉक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या (2012) कलम 19 नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, किंवा तो होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पुरावे शोधणे, मुलाला खोदून खोदून विचारणे हे आपले काम नव्हेच. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइनही आहे. याच कायद्याच्या 2020 च्या नियमांत तर मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचीच तरतूद आहे.

राजारामपुरी, शाहूपुरीतल्या पाळणाघरांतल्या ताई, मदतनीस, व्हॅनमधल्या मावशी यांना हे कोण सांगणार? जिल्हा परिषद आणि महापालिकेने जूनमध्ये शाळा भरण्याआधी ही प्रशिक्षणे घ्यावीत.

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका, कोल्हापूर