काळ्या दगडाची बाजू: सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका सरकारी इमारतीच्या कमानीवरून गुलाबी लादी सुटून खाली पडली. खाली कुणी नव्हतं, म्हणून बातमी झाली नाही. मी निवृत्त शाखा अभियंता. जुनी खोड, तुकडा उचलून घरी आणला. राजस्थानी वालुकाश्म. कडेला नख लावलं तर पापुद्रा निघाला. आता गंमत बघा, ती इमारत ज्या टेकाडावर आहे ते अख्खं काळ्या दगडाचं आहे. पाया खणताना निघालेला दगड ट्रॅक्टर भरभरून टाकून दिला आणि भिंतीला चिकटवायला परराज्यातून लादी आणली.

वालुकाश्माशी माझं वैर नाही. दिल्लीचा लाल किल्ला त्याचाच, अयोध्येच्या राममंदिराला बन्सी पहाडपूरचा गुलाबी दगड लागला. वाळू थराथराने साचते, दाबली जाते, घट्ट होते आणि हा दगड तयार होतो. म्हणून थराच्या रेघेवर छिन्नी मारली की लाद्या सरळ सुटतात. त्याची सोय तीच आणि खोटही तीच. असा दगड खाणीत जसा आडवा असतो तसाच भिंतीत बसवावा, हा जुना नियम आहे. इंचभर जाडीची लादी करून भिंतीला उभी चिकटवली की थरही उभे होतात. मग फटीतून पाणी शिरतं आणि पापुद्रे सुटू लागतात. चूक दगडाची नाही, वापरणाऱ्याची आहे. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे पुन्हा लागेल.

आपल्या बेसॉल्टचं, म्हणजे या काळ्या दगडाचं, सगळंच वेगळं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, पसरला, थिजला. मग दुसरा आला. असे थरावर थर चढले आणि त्यांवर मराठवाडा बसला. देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो तेवढा अपवाद. आमच्याकडचा विहीर खोदणारा भूशास्त्र न शिकता ही उतरंड सांगतो: आधी मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मांजऱ्या म्हणजे लाव्ह्याच्या थराचा वरचा भाग. त्यात वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहिली आणि पुढे ती पांढऱ्या खनिजांनी भरली. पाषाण म्हणजे थराचा सावकाश थिजलेला, भरीव गाभा. मध्येच कुठे लाल मातीचा पट्टा लागला तर समजायचं, पुढचा लाव्हा यायच्या आधी इथे बराच काळ गेला होता. बेसॉल्टला वालुकाश्मासारखे थर नसतात, त्यामुळे त्याच्या लाद्या सहज सुटत नाहीत. सजावटीच्या निविदेत तो मागे पडतो त्याचं एक कारण हे. पण चिरा घडवा, बघा कसा राहतो ते.

वेरूळचं कैलास आठव्या शतकात कळसापासून खाली कोरत आणलं ते याच दगडात. शेजारच्या घृष्णेश्वराचा दगड लालसर. बीबी का मकबरा बांधताना राजस्थानातून संगमरवर आणला खरा, पण तो घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला. बाकी अंगाला आतून बेसॉल्टच, वरून चुन्याचा गिलावा. नळदुर्गला बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा याने बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल १६१३ सालचा. त्याचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायची मुदत, केव्हाच संपला असेल, बंधारा अजून उभा आहे.

मग आम्ही दगड सोडला का? याचं उत्तर ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. गणपती विसर्जनाची रात्र उलटली होती, पहाटेचे चार वाजत आले होते. त्या दिवसांत ढिगारे उपसणाऱ्यांत मीही होतो. किल्लारी, सास्तूर, नावं घेतली तरी हात थांबतात. हजारो माणसं गेली आणि ती दगडाखाली गेली, म्हणून दगड गुन्हेगार ठरला. एक म्हातारी मला म्हणाली, "साहेब, दगडाचं नगं. पत्र्याचं द्या, पण दगडाचं नगं." तिला मी काय समजावणार होतो?

पण आपल्याला सांगायला हवं, कारण आपल्या सहीने आराखडे निघतात. ढिगाऱ्यात मी जे पाहिलं ते असं. दोन-तीन फुटी भिंती. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे मातीत कालवलेले गोटे आणि कपच्या. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. घर हललं की भिंतीचं पोट फुगतं आणि दोन्ही बाजू वेगळ्या होऊन कोसळतात. वर माळवद. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडायची, जुनी कुणी काढायचं नाही. आजोबांपासूनचं ओझं तुळयांवर साठलेलं. काही खणांच्या घरांत भिंती ढासळल्या, पण सागवानी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या. त्यांच्याखालची माणसं जगली. दगड तोच होता, महोदय.

उपाय काही गुप्त नाही. भारतीय मानक १३८२८ त्याच वर्षी, १९९३ मध्ये आलं. दगडी भिंत ४५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको. दर ६० सेंटिमीटर उंचीला, एकमेकांपासून फार तर १.२ मीटरवर आरपार दगड हवा. लिंटेलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या आडव्या तुळईच्या, पातळीवर भिंतीभोवती सलग पट्टा हवा. पुढे २००२ मध्ये भूकंपाचा नकाशा बदलला आणि हा भाग परिमंडळ तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, आला. म्हणजे नियम आहेत, नकाशा आहे, दगड आहे. या नियमांनी बांधलेली दगडी इमारत मात्र मी माझ्या उरलेल्या नोकरीत एकदाही पाहिली नाही.

दगडाचं आता काय होतं? खडी. खाणीत सुरुंग लावतात, त्याने चांगल्या गाभ्यालाही बारीक तडे जातात आणि तो चिऱ्याच्या कामातून बाद होतो. पाथरवट ओळीने भोकं पाडून, पाचरी ठोकून दगड फाडायचा, तेव्हा त्याला अखंड ठोकळा मिळायचा. आता त्याचा नातू क्रशरवर डंपरच्या खेपा मोजतो. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईने दुष्काळी कामावर खडी फोडली होती. तेव्हा इलाज नव्हता.

माझं मागणं मोठं नाही. लातूर किंवा धाराशिव जिल्ह्यात एक अंगणवाडी, फार तर एक विश्रामगृह, स्थानिक बेसॉल्टमध्ये वरच्या मानकाप्रमाणे बांधा. छतापर्यंत जायच्या आधी गावकऱ्यांना बोलवा आणि आरपार दगड कुठे बसलेत ते त्यांना हाताने चाचपू द्या. मे महिन्यात आत बसून बघू द्या. पत्र्याखाली तीस वर्षं भाजून निघालेल्या लोकांना थंडाव्याबद्दल भाषण द्यायची गरज पडणार नाही. खर्च वाढेल, मान्य. घडीव दगडाला मजुरी जास्त लागते. पण ती मजुरी तालुक्यातल्या वडार-पाथरवटांच्या हातात पडेल, वाहतूकदाराच्या नाही.

दुसरं, एखाद्या खाणीचा एक कोपरा बिनसुरुंगाच्या दगडासाठी राखून ठेवा. गौण खनिज महसूल खात्याकडे येतं, असं उत्तर मला येईल हे ठाऊक आहे. आपण दोघे मंत्री एकाच बैठकीला बसता, एवढंच म्हणतो.

आणि जुन्या गढ्यांच्या, देवळांच्या सांध्यांत सिमेंट भरणं थांबवा. चुन्याच्या भिंतीतलं पाणी सांध्यातून बाहेर पडतं. सिमेंटने ती वाट बुजते आणि पाणी आतल्या आत दगडाच्या मागे साठतं. याला पैसे लागत नाहीत, एक परिपत्रक लागतं.

त्या अंगणवाडीला दगड कमी पडले तर सांगा. आमचं जुनं घर भूकंपानंतर उतरवलं, त्याचे चिरे परसात रचून ठेवलेत. आजोबांच्या छिन्नीच्या खुणा अजून स्पष्ट दिसतात. गाडी पाठवा, भरून देतो.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
तालुका औसा, जिल्हा लातूर