पाच मिनिटांत घर मिळत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कुत्र्यांच्या पिल्लांच्या दत्तक शिबिरावरचा लेख काल दोनदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचताना जास्त राग आला. आधार कार्डाचा फोटो, एका कागदावर सही आणि पाच मिनिटांत पिल्लू हातात, याचे त्यात कौतुक केले आहे. लेखिकेचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. पण पिल्लू परत येते ते याच पाच मिनिटांमुळे.

आधी लेखासोबतच्या फोटोबद्दल. त्यातली पिल्ले पाच आठवड्यांच्या वरची दिसत नाहीत. आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू आईपासून तोडू नये. चावताना किती जोर लावायचा हे ते भावंडांशी खेळताना शिकते. जोरात चावले की समोरचे केकाटते आणि खेळ थांबतो. हा धडा राहून गेलेले पिल्लू पुढे मुलांच्या हाताला दात लावते, आणि घरचे म्हणतात, हे चावरे निघाले. पिल्लांसमोर दुधाची थाळीही ठेवलेली दिसते. गाई-म्हशीचे दूध बहुतेक पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. मऊ भात, उकडून कुस्करलेले चिकन किंवा अंडे दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे. नुसत्या दूध-पोळीवर वाढवलेल्या पिल्लांचे पाय वाकू शकतात, हे पुण्यातल्या कोणत्याही पशुवैद्याला विचारा.

त्याच फोटोत तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणची पिल्ले एकाच सतरंजीवर आहेत. पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार असाच पसरतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच-सात दिवस जातात. म्हणजे शिबिरात उड्या मारणारे पिल्लू नव्या घरी गेल्यावर उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू करते, आणि आजारी पिल्लू गळ्यात मारले असे घरच्यांना वाटते. एक लस झाली आहे म्हणून निर्धास्त राहू नये. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत ती लसीचा परिणाम खाऊन टाकते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत डोस द्यायचे असतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. ज्या घरात आधीचे पिल्लू पार्व्होने गेले, तिथे लसी पूर्ण न झालेले पिल्लू देऊच नये. हा विषाणू फरशीवर महिनोन् महिने टिकतो आणि फिनाइलने मरत नाही. ३० भाग पाण्यात १ भाग घरगुती द्रव ब्लीच घालून ते दहा मिनिटे फरशीवर ओले राहू द्यावे लागते.

हे सगळे सांभाळले तरी घर चुकू शकते. गेल्या वर्षीची वारज्याची एक मादी डोळ्यांसमोरून जात नाही. चार महिन्यांची, तांबूस, एक कान पडलेला. लसी पूर्ण, जंताचे औषध झालेले, माणसांना न घाबरणारी. शिबिरात एका तरुण जोडप्याने तिला पसंत केले. माणसे चांगली होती, हे मुद्दाम लिहिते. पण दोघांचीही नोकरी हिंजवडीला. सकाळी साडेआठला घराला कुलूप, ते संध्याकाळी साडेसात-आठला निघणार. पिल्लाच्या वयाचे महिने अधिक एक, इतके तास ते लघवी रोखू शकते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे पाच तास. इथे अकरा होत होते. घरात घाण झाली म्हणून तिची रवानगी बाल्कनीत झाली. नेमके त्याच सुमारास दुधाचे दात पडून पक्के दात येत होते. तिने दाराची चौकट कुरतडली. एकटी पडली की भुंकायची. सोसायटीची तक्रार घरमालकापर्यंत गेली. घर भाड्याचे, करार ११ महिन्यांचा, आणि त्यात पाळीव प्राणी ठेवणार नाही असे कलम. त्यांनी ते वाचले नव्हते आणि शिबिरात त्यांना कोणी विचारलेही नव्हते. सोसायटीला ठराव करून पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण आपण स्वतः सही केलेल्या कराराचे काय करायचे?

आठव्या महिन्यात ती परत आली. दाराची बेल वाजली की पलंगाखाली जायची आणि बंद दारापाशी लघवी करायची. चार महिन्यांची असताना तिला एका दिवसात मागणी आली होती. परत आलेल्या, भुंकणाऱ्या आठ महिन्यांच्या मादीला घर मिळायला पाच महिने लागले. ते मिळाले कात्रजकडे. घरी दिवसभर आजी-आजोबा आणि सहा वर्षांचा एक शांत कुत्रा. दोघांची पहिली भेट घरात नाही, बाहेर रस्त्यावर, दोन पट्ट्यांवर शेजारी शेजारी चालवत झाली. नंतर एकटे राहायची सवय दोन मिनिटांपासून लावली. मग पाच, मग पंधरा, अर्धा तास. ती भुंकायच्या आत परत यायचे, भुंकल्यावर नाही. हेच पहिल्या घरी सुट्टी काढून पंधरा दिवस केले असते, आणि दुपारी कोणी फिरवायला आले असते, तर ती कदाचित तिथेही राहिली असती.

म्हणून पिल्लू देण्याआधी विचारायला हवे की दुपारी घरी कोण असते. भाड्याचे घर असेल तर मालकाची लेखी संमती मागावी. घरातली सगळी माणसे एकदा भेटावीत, कारण ज्यांना कुत्रा नको होता तेच पुढे परत करायला लावतात. घरी जाऊन बाल्कनीचे गज पाहावेत. चार इंचांच्या फटीतून दोन महिन्यांचे पिल्लू सहज बाहेर पडते. नोकरी बदलली, बदली झाली, बाळ झाले तर कुत्रा कुठे राहणार, हेही विचारावे. मग आधी पंधरा दिवस सांभाळायला द्यावे आणि त्यानंतरच दत्तकाचा कागद करावा. पहिले काही आठवडे हार्नेस (छाती-पाठीभोवतीचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घालून, दोन्हीला वेगळा पट्टा लावूनच बाहेर न्यावे. नदीकाठी ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की नवी कुत्री एका झटक्यात गळपट्ट्यातून मान काढून पळतात, आणि अजून ओळखीचा रस्ता नसल्याने परत येत नाहीत. सहाव्या महिन्याच्या सुमारास नसबंदी आणि महापालिकेचा परवाना, हे त्याच कागदावर तारखेसह लिहून घ्यावे.

इतके विचारले तर माणसे निघून जातील, असे म्हणतात. काही जातात. ती पिल्लू न घेता गेलेली बरी. पाळलेला प्राणी रस्त्यावर सोडून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशातही, रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेणाऱ्याने तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यायची आहे. ही जबाबदारी काय असते, हे त्या पाच मिनिटांत कोण सांगते?

आणखी एक. ज्या दिवशी हा लेख आला, त्याच दिवशीच्या छोट्या जाहिरातींत 'लॅब्राडॉर पिल्ले, ३५ दिवस, त्वरित संपर्क' अशी जाहिरात होती. कुत्र्यांच्या पैदाशी आणि विक्रीविषयीच्या २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही आणि नोंदणीशिवाय हा व्यवसायही करता येत नाही. जाहिरात घेताना तुमच्या खिडकीवर पिल्लाचे वय आणि नोंदणी क्रमांक विचारला जावा, आणि तो क्रमांक जाहिरातीत छापला जावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे